मोठे स्टिरिओ स्पीकर कसे पारखावेत: कान, खोली आणि किंमत

जमिनीवर उभे राहणारे, कमरेएवढे किंवा त्याहून उंच स्पीकर घ्यायचे म्हटलं की बहुतेकांची चौकशी तीनच गोष्टींभोवती फिरते: वूफर (खालचे स्वर वाजवणारे मोठे गोल भाग) किती, वॅट किती आणि बास किती दणकट. पाच मिनिटं ऐकलं, छातीत धडधड जाणवली की निर्णय होऊन जातो. घरी आणल्यावर महिनाभरात गाणाऱ्याचा आवाज घशात अडकल्यासारखा वाटायला लागतो, तासाभराने डोकं जड होतं, आणि असं का होतंय याचा पत्ता लागत नाही.

मोठ्या स्पीकरसाठी आपण जे जादा पैसे मोजतो ते जवळजवळ सगळे खालच्या दोन सप्तकांसाठी असतात: २० ते ४० आणि ४० ते ८० हर्ट्झ (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं). पियानोची सगळ्यात खालची पट्टी २७.५ हर्ट्झला बोलते, डबल बासची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला. मोठे ड्रम आणि ऑर्गनचे लांब पाइपही याच भागात वाजतात. पण गाण्याचा बहुतेक कारभार याच्या वर चालतो. माणसाचा गळा, सतार, व्हायोलिन, बासरी, हार्मोनियम, तबल्याची शाई हे सारं साधारण १०० हर्ट्झपासून पुढे काही हजार हर्ट्झपर्यंत पसरलेलं असतं. म्हणून मोठ्या स्पीकरची परीक्षा दोनदा घ्यावी लागते. खालच्या सप्तकांत खरंच काही जादा मिळतंय का, आणि ते आपल्या खोलीत पोचणार आहे का, ही पहिली. ते मिळवताना मधली सप्तकं बिघडली तर नाहीत ना, ही दुसरी. दुसऱ्या परीक्षेत नापास झालेला स्पीकर पहिलीत पहिला आला तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठी पेटी नेमकं काय देते

खर्ज काढायचा म्हणजे पुष्कळ हवा हलवावी लागते. एक सप्तक खाली उतरलं की तेवढ्याच जोराचा आवाज काढायला कोनला, म्हणजे वूफरच्या शंकूसारख्या पडद्याला, चौपट हलावं लागतं. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर हलणारा कोन ४० हर्ट्झला चार आणि २० हर्ट्झला सोळा मिलिमीटर हलायला हवा. बास रिफ्लेक्स पेटीत पोर्ट, म्हणजे पेटीला पाडलेलं नळीसारखं भोक, यातला थोडा भार उचलतो, तरीही गणित फार बदलत नाही. शिवाय जे. अँटन होफमन या अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम आडवा येतोच: खोल बास, कमी पॉवरमध्ये मोठा आवाज आणि लहान पेटी या तिन्हींपैकी दोनच मिळतात. चांगला मोठा स्पीकर तिसऱ्यावर पाणी सोडून पहिले दोन देतो. पेटी मोठी असूनही ते दोन मिळत नसतील, तर ती मोठी कशासाठी आहे हा प्रश्न विचारायलाच हवा.

हे तपासायला साधी मोजपट्टी पुरते. वूफरच्या कडेला रबराची किंवा फोमची वळी असते. एका बाजूच्या वळीच्या मध्यापासून समोरच्या वळीच्या मध्यापर्यंत अंतर घ्या. हा कोनचा कामाचा व्यास. तो १३ सेंटिमीटर भरला तर क्षेत्रफळ सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर होतं, आणि असे दोन वूफर मिळून २६६. आता ज्याला १० इंची म्हणतात त्या एका वूफरचा कामाचा व्यास साधारण २१ सेंटिमीटर असतो, म्हणजे क्षेत्रफळ ३४६. समोरून पाहिलं तर दोन वूफरवाला उंच, सडपातळ स्पीकर जास्त भारी दिसतो, पण हवा ढकलण्यात तो एका १० इंची वूफरच्या मागेच पडतो. बाजारातले कितीतरी सडपातळ टॉवर पाच इंची दोन वूफर लावून येतात. त्यांचं एकत्र क्षेत्रफळ एका बऱ्यापैकी आठ इंची वूफरपेक्षाही कमी भरतं. कोन किती लांब हलू शकतो यालाही महत्त्व आहेच, पण ते बाहेरून दिसत नाही. क्षेत्रफळ दिसतं, आणि ते मोजल्याशिवाय मोठ्या पेटीवर भाळू नये.

मोठ्या स्पीकरचा दुसरा फायदा लोकांच्या लक्षात उशिरा येतो. मधले आवाज वेगळ्या मिडरेंज ड्रायव्हरकडे (ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा एकेक सुटा भाग) सोपवले, म्हणजे खालचे, मधले आणि वरचे आवाज वाटून घेणारी खऱ्या अर्थाने थ्री-वे रचना असली, तर खर्ज जोरात वाजत असताना गळा डळमळत नाही. दोन ड्रायव्हरच्या पेटीत एकाच कोनला ४० हर्ट्झचा हेलकावाही द्यायचा असतो आणि त्याच वेळी गाणंही म्हणायचं असतं. आवाज वाढला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. मात्र तीन-चार कोन दिसले म्हणून थ्री-वे असेलच असं नाही. ते सगळे एकच काम करत असतील. क्रॉसओव्हर, म्हणजे ड्रायव्हरमध्ये आवाजाची वाटणी करणारं सर्किट, कुठे कुठे आहे हे विचारा. साधारण ३०० ते ५०० हर्ट्झला एक आणि दोन-तीन हजारांच्या आसपास दुसरा असेल, तर मिडरेंज स्वतंत्र आहे.

आधी खोली, मग स्पीकर

खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये मोजा. ३४३ ला त्या प्रत्येक आकड्याच्या दुपटीने भागा. जे उत्तर येईल तितक्या हर्ट्झला ती खोली घुमते. पाच मीटर लांबीला ३४ हर्ट्झ, चार मीटरला ४३, तीन मीटरला ५७. या स्वरांवर भिंतीलगत बसलं तर बास फुगलेला ऐकू येतो, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसलं तर तोच स्वर गायब होतो. साधारण दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली आपण जे ऐकतो त्यात स्पीकरइतकाच, किंबहुना जास्तच, वाटा खोलीचा असतो. म्हणूनच एका ठिकाणी मोकळा, खोल वाटलेला बास दुसऱ्या ठिकाणी ढोलकं होऊन बसतो. यात स्पीकरचा दोष असेलच असं नाही.

मागच्या भिंतीचंही तसंच. वूफरपासून भिंतीपर्यंतच्या अंतराच्या चौपटीने ३४३ ला भागलं की कुठल्या हर्ट्झला आवाजात खड्डा पडणार ते कळतं. अंतर ६० सेंटिमीटर असेल तर सुमारे १४३ हर्ट्झ, म्हणजे नेमका पुरुषी आवाजाचा भरदार भाग. मोठा स्पीकर भिंतीला अगदी चिकटवून ठेवावा लागणार असेल, मागे पोर्ट असेल आणि ऐकायची जागा जेमतेम दोन मीटरवर असेल, तर मोठ्या पेटीचा हट्ट सोडलेला बरा. दोन मीटरच्या आत उंच स्पीकरचे वेगवेगळे ड्रायव्हर एकमेकांत नीट मिसळतही नाहीत. ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा लहान ड्रायव्हर) एकीकडून आणि वूफर दुसरीकडून बोलतोय असं वाटतं. ज्या खोलीत स्पीकरच्या मागे अर्धा-पाऊण मीटर सोडता येतो आणि ऐकणारा अडीच-तीन मीटरवर बसतो, तिथे मोठ्या स्पीकरला न्याय मिळतो.

कागदावरचे आकडे

'३० हर्ट्झ ते २५ किलोहर्ट्झ' एवढंच छापलेलं असेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. पुढे अधिक-उणे ३ डेसिबल (डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप) असं लिहिलंय का ते पाहा. कुणी आवाज ६ डेसिबलने घसरतो तिथपर्यंत मोजतं, कुणी १० ने घसरतो तिथपर्यंत. उणे १० डेसिबलला ३० हर्ट्झ देणारा स्पीकर ३ डेसिबलच्या मर्यादेत ४५ च्याही वरच थांबलेला असू शकतो. वरच्या टोकाला २० किलोहर्ट्झच्या पुढचा आकडा सरळ सोडून द्या. तो भाग माणसाला ऐकू येत नाही.

वॅटचा आकडा सगळ्यात दिशाभूल करणारा. स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती सहन करतो. तो किती जोरात वाजतो हे त्यावरून कळत नाही. ते कळतं सेन्सिटिव्हिटीवरून. समजा ती ८७ डेसिबल आहे, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल. तुम्ही तीन मीटरवर बसता, तिथे साडेनऊ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकर मिळून तीन परत मिळतात. खोलीची मदत हिशेबात न धरताही सरासरी ८० डेसिबलला, म्हणजे चांगल्या मोकळ्या आवाजात ऐकायला, जेमतेम ०.९ वॅट लागतो. पण चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये थाप किंवा तिहाई येते तेव्हा आवाज क्षणभर २० डेसिबलने उसळतो. २० डेसिबल म्हणजे शंभरपट पॉवर. ०.९ वॅटचे नव्वद होतात. तेच स्पीकर ९२ डेसिबलचे असते तर तीसेक वॅटमध्ये भागलं असतं. दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट, एवढं लक्षात ठेवलं की हा हिशेब कुठल्याही जोडीसाठी मांडता येतो.

यातही एक मेख आहे. सेन्सिटिव्हिटी बहुधा २.८३ व्होल्टवर मोजतात. आठ ओहमला (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) तो एक वॅट होतो, पण चार ओहमला दोन. म्हणजे चार ओहमच्या स्पीकरवरचे ९० डेसिबल खऱ्या हिशेबात ८७ च असतात. ओहमचा छापील आकडाही कामचलाऊ असतो, म्हणून 'किमान इम्पिडन्स (म्हणजे ओहममधला हा अडथळा) किती आणि कुठल्या हर्ट्झला' हे विचारायचं. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेच्या मानकाप्रमाणे तो छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली उतरू नये, म्हणजे आठचा स्पीकर ६.४ च्या खाली जायला नको. प्रत्यक्षात 'आठ ओहम' लिहिलेले पुष्कळ स्पीकर बासमध्ये साडेतीनपर्यंत उतरतात, आणि मग साधा अ‍ॅम्प्लिफायर तापायला लागतो. अशा स्पीकरच्या किमतीत दणकट अ‍ॅम्पची किंमतही मनातल्या मनात मिळवा.

ज्या मॉडेलची स्वतंत्र मोजणी मिळेल त्याची ती जरूर वाचा. हल्ली सीटीए-२०३४ नावाच्या मानकाप्रमाणे स्पीकर दर दहा अंशांना आडवा आणि उभा फिरवून सत्तर मापं घेतात आणि त्यांचे एकत्र आलेख काढतात. त्यात दोनच गोष्टी बघायच्या. समोरून घेतलेली रेघ सपाट आहे का, आणि बाजूने घेतलेल्या रेघा तिच्यासारख्याच वळणाच्या, हळूहळू उतरत जाणाऱ्या आहेत का. बाजूच्या रेघेत दोन-तीन हजारांपाशी खड्डा आणि लगेच वर उंचवटा असेल, तर वूफर आणि ट्वीटर यांचं जमलेलं नाही. भिंतींवरून परतणारा आवाज वेगळ्याच रंगाचा येणार, आणि कान दमणार. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले आणि १९८५-८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा हेच दिसलं होतं: न पाहता ऐकणाऱ्यांना सपाट आणि सगळीकडे सारखा पसरणारा स्पीकरच आवडतो.

ऐकायला बसण्यापूर्वी

टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली मांडलेला दुसरा प्रयोग मोठा स्पीकर घेणाऱ्याने तर विसरूच नये. त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर आधी पडद्याआड आणि मग उघड्यावर ऐकवले. नुसतं दिसल्यामुळे गुण बदलले. लहान, स्वस्त संचाचे गुण घसरले आणि मोठ्या, देखण्या पेट्या वर गेल्या. श्रोते या क्षेत्रातच काम करणारे होते. उंच, चकचकीत लाकडाची पेटी समोर असली की आपले कान तटस्थ राहत नाहीत, हे मान्य करूनच तयारी करायला हवी. कुणाला तरी स्पीकर बदलायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून किंवा पाठ फिरवून बसा. पातळ कापडाचा पडदा लावता आला तर उत्तम.

दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करणं ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि तीच सगळे वगळतात. एक डेसिबल जास्त वाजणारा स्पीकर मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. ज्याला विकायचं आहे त्याला हे माहीत असतं. फोनवर डेसिबल मोजणारं अ‍ॅप घ्या, पिंक नॉइज (सगळे स्वर मिसळलेली एकसारखी सरसर) लावा, फोन खुर्चीवर डोक्याच्या जागी ठेवा आणि दोन्ही जोड्या अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. फोनचा आकडा खरा असेलच असं नाही, पण दोन स्पीकरमधला फरक तो बऱ्यापैकी दाखवतो. लाउडनेस, बास बूस्ट, टोनचे खटके, सगळं बंद करा. तुमच्या घरी जो अ‍ॅम्प आहे तोच, निदान त्याच ताकदीचा, जोडायला सांगा.

गाणी तुमची न्या. ऐकवण्यासाठी ठेवलेल्या गाण्यांत बहुतेकदा एक गिटार, एक बाईचा मंद आवाज आणि खूप मोकळी जागा असते. ती कशावरही छान वाजतात. तुम्हाला पाठ असलेली सहा-सात रेकॉर्डिंग निवडा. त्यात एक नुसता गळा, एक गर्दीचं वाद्यवृंदाचं, एक खोल बासचं आणि एक मुद्दाम सुमार ध्वनिमुद्रण असावं. जुनं, थोडं कर्कश रेकॉर्डिंग ज्या स्पीकरवर अजिबात ऐकवत नाही, त्याच्याबरोबर तुमचं घरातलं अर्धं संगीत पडून राहील.

काय ऐकायचं

सुरुवात एकाच स्पीकरपासून करा. दुसरा बंद, रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे डावी-उजवी वाटणी नसलेलं. स्टिरिओतला पसारा मनाला भुलवतो आणि स्वराचा दोष झाकून टाकतो; एकट्या स्पीकरवर तो चटकन पकडता येतो. हाही टूल यांच्याच प्रयोगांतून पुढे आलेला धडा आहे, आणि मला तो सगळ्यात उपयोगी वाटतो.

आधी नुसतं बोलणं ऐका, ओळखीच्या माणसाचं ध्वनिमुद्रित बोलणं असेल तर फारच छान. माणूस पेटीत बसून बोलतोय असं वाटतंय का? नाकातून बोलतोय का? 'स', 'श', 'च' या अक्षरांना टोक येतंय का? पेटीत बसल्याचा भास बहुधा शंभर-दोनशे हर्ट्झच्या फुगवट्यामुळे किंवा पेटीच्या फळ्या थरथरल्यामुळे होतो, नाकातला सूर हजार हर्ट्झच्या आसपासच्या उंचवट्यामुळे, आणि 'स' टोचतो तो पाच ते नऊ हजारांतल्या ट्वीटरच्या उत्साहामुळे. यानंतर गाणं, मग तंबोरा. जवारी नीट लागलेला तंबोरा मधल्या सप्तकांची फार कडक परीक्षा घेतो. एका तारेतून एकामागून एक उमलणारे वरचे स्वर वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत आणि तरीही ते एकाच तारेतून आलेले वाटले पाहिजेत. क्रॉसओव्हर ढिसाळ असला की खालचे स्वर एका जागेवरून आणि वरचे दुसऱ्या जागेवरून येतात, तार तुटल्यासारखी वाटते, आणि जवारीची जागा नुसती झणझण घेते.

मग तबला. डग्ग्यावर घुमारा घेताना स्वर वर चढतो किंवा खाली उतरतो. तो चढउतार सलग ऐकू येतोय, की प्रत्येक वेळी एकच 'धुम' येतोय? एकच धुम येत असेल तर तो पोर्टचा किंवा खोलीचा स्वर आहे, डग्ग्याचा नाही. ज्याला लोक दणकट बास म्हणतात त्यात अशा एकसुरी बासचा भरणा फार असतो. खरा खोल बास पुष्कळदा जाणवतसुद्धा नाही, जोवर रेकॉर्डिंगमध्ये तो नाही. चालत्या डबल बासची किंवा बास गिटारची ओळ लावा आणि ती गुणगुणून पाहा. प्रत्येक स्वर ओळखू आला आणि सगळे साधारण सारख्याच जोराचे वाटले, तर बास उत्तम आहे. एक स्वर उसळला आणि पुढचा दोन स्वरांनंतरच सापडला, तर खुर्ची अर्धा मीटर पुढे-मागे सरकवून पुन्हा ऐका. जागा बदलल्यावर दोषही बदलला तर तो खोलीचा. सगळीकडे तोच स्वर उसळत राहिला तर स्पीकरचा.

आता दोन्ही स्पीकर चालू करा. मोनो रेकॉर्डिंग लावल्यावर आवाज दोघांच्या बरोबर मधोमध, एका माणसाच्या तोंडाएवढ्या जागेतून यायला हवा. तो पसरट, दिशाहीन वाटला तर आधी एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या आहेत का ते पाहा. तारा बरोबर असूनही मध्य डळमळत असेल तर दोन्ही स्पीकर एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मोठ्या किमतीच्या जोडीत हे चालवून घेऊ नये. नंतर उठून उभे राहा, बाजूला चाला. सूर थोडा मऊ झाला तर चालेल. माणूसच बदलल्यासारखा वाटला तर ज्या खोलीत दोन-तीन जण मिळून ऐकतात तिथे हा स्पीकर नको.

आवाजाच्या दोन टोकांना तपासणी करायला विसरू नका. अगदी हळू, रात्री सगळे झोपल्यावर ऐकतो तेवढ्या आवाजात शब्द कळतात का? कमी आवाजात आपल्या कानाला बास आपोआपच कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय, त्यामुळे तिथे बास पातळ वाटला तर तो दोष धरू नका; गळा दबला तर धरा. उलट टोकाला, गर्दीचं वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग तुम्ही घरी कधीतरी लावाल तेवढ्या मोठ्या आवाजात लावा. चांगला मोठा स्पीकर इथेच आपली किंमत वसूल करतो. आवाज वाढतो, पण आरडाओरडा होत नाही. व्हायोलिनं एकमेकांत लगदा होऊन मिसळत नाहीत, आणि शेजारच्याशी बोलायला गेल्यावरच कळतं की किती जोरात वाजतंय. मोठा आवाज मोठा वाटायला लागला की समजा स्पीकर, नाहीतर अ‍ॅम्प, ताणला गेलाय.

हे सगळं एका बैठकीत उरकू नका. निदान पाऊण तास सलग ऐका, टिपणं ठेवून द्या आणि गाण्यात रमता येतं का ते पाहा. पुन्हा दुसऱ्या दिवशी या. पहिल्या दिवशी जो तपशील चकाकत होता तोच दुसऱ्या दिवशी टोचतो, असं चढ्या ट्वीटरच्या बाबतीत नेहमी घडतं.

वापरलेले स्पीकर घेताना

मोठ्या स्पीकरमध्ये वापरलेल्या जोडीइतका पैशाचा मोबदला दुसरीकडे क्वचितच मिळतो, कारण जड वस्तू लोकांना घरातून लवकर हलवायची असते. पण तपासणी नेटाने करा. वूफरच्या कडेची वळी फोमची असेल तर ती साधारण पंधरा-वीस वर्षांत कुजते. बोट हलकेच लावलं तरी भुगा होतो. ती बदलता येते, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. रबराची वळी बरीच जास्त टिकते. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवून तो सरळ आत दाबा आणि सोडा. घासल्याचा बारीकसा आवाज आला तर कोनमागची तारेची कॉइल वाकडी झाली आहे किंवा जळलेली आहे. ट्वीटरला मात्र बोट लावू नका.

मल्टिमीटर ओहमवर लावून अ‍ॅम्प काढलेल्या स्पीकरच्या टर्मिनलवर धरा. आठ ओहमच्या स्पीकरला साडेपाच ते सात, चार ओहमच्याला तीन ते साडेतीन असा आकडा यायला हवा, आणि दोन्ही स्पीकरचे आकडे जवळजवळ सारखे. हा आकडा वूफरचा. ट्वीटर क्रॉसओव्हरच्या कपॅसिटरमागे लपलेला असतो. तो तपासायला एक मासिक गुंडाळून नळी करा, एक टोक कानाला लावा आणि हळू आवाजात पिंक नॉइज चालू ठेवून दुसरं टोक प्रत्येक ड्रायव्हरसमोर धरा. डाव्या-उजव्या ट्वीटरमधला फरक अशा वेळी लपत नाही. एक दबका असेल तर तो जळून बदललेला असू शकतो, किंवा जुना कपॅसिटर सुकलेला असतो. कमी ताकदीचा अ‍ॅम्प ताकदीबाहेर, आवाज फाटेपर्यंत वाजवला की सगळ्यात आधी ट्वीटरच जातात, त्यामुळे आधीच्या मालकाकडे कोणता अ‍ॅम्प होता हेही विचारावं.

शेवटी २० ते ४०० हर्ट्झपर्यंत हळू सरकणारा स्वर बेताच्या आवाजात लावा आणि तळवा पेटीच्या बाजूच्या फळीवर ठेवा. बोटाने ठकठक करून फारसं कळत नाही, पण या स्वरात कुठल्या एका ठिकाणी फळी हाताला झिणझिण करते का हे लगेच कळतं. मधेच घरघर ऐकू आली तर स्क्रू, जाळी, टर्मिनलची प्लेट घट्ट करून पुन्हा ऐका. सगळ्यात खालच्या स्वरांवर पोर्टमधून फुसफुस येत असेल तर ती गाण्यातही येणार. दोन्ही पेट्यांचे मागचे क्रमांक पाहून ती मूळची जोडी आहे ना याची खात्री करा.

किंमत कशी तोलायची

स्पीकरच्या किमतीचा मोठा भाग लाकूडकामात, पॉलिशमध्ये आणि एवढं वजन इकडून तिकडे नेण्यात जातो. यात काही गैर नाही. फक्त त्या पैशांचा आवाज येत नाही हे माहीत असावं. तोलायची माझी पद्धत सरळ आहे. त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला लहान भाऊ शोधा. बहुतेक वेळा ट्वीटर तोच असतो, मिडरेंजही जवळपास तोच. दोघांच्या किमतीतला फरक काढा, लहान स्पीकरला लागणाऱ्या स्टँडची किंमत त्यातून वजा करा. जे उरलं ते तुम्ही खालच्या एखाद-दीड सप्तकासाठी आणि मोठ्या आवाजातल्या निवांतपणासाठी देताय. आता तेवढ्याच पैशांत लहान जोडी आणि चांगला सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर) बसतो का पाहा.

खोली लहान असेल तर मी बेधडक लहान जोडी आणि सबवूफर सुचवीन. कारण स्पीकर तिथेच ठेवावे लागतात जिथून गळा मधोमध उभा राहतो, आणि बासला नेमकी तीच जागा गैरसोयीची असू शकते. सबवूफर मात्र खोलीत कुठेही फिरवता येतो. त्याला मेहनत लागते, जुळणी करावी लागते, ती नको असेल तर गोष्ट वेगळी. खोली मोठी असेल, ऐकण्याचं अंतर तीन मीटर किंवा जास्त असेल आणि तुम्ही मनमोकळ्या आवाजात ऐकत असाल, तर खरा थ्री-वे, भरपूर कोनचा मोठा स्पीकर आपल्या किमतीला जागतो. महागड्या तारांवर खर्च करू नका. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पाच मीटरला जाऊन-येऊन ०.०७ ओहमचाच अडथळा करते. तो पैसा स्पीकरमध्ये, नाहीतर जाड पडदे आणि गालिच्यात घाला. सुटे ड्रायव्हर किती वर्षं मिळतील हे विचारून घ्या, कारण नीट सांभाळलेला स्पीकर अ‍ॅम्पपेक्षा कितीतरी जास्त जगतो.

घरी आणल्यावर

परत करण्याची मुदत मिळत असेल तर ती आधी लिहून घ्या आणि खोकी फाडू नका. पहिल्या दिवशी दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर कानाच्या उंचीला, तोंडं किंचित आत वळवलेली. मग मागच्या भिंतीपासूनचं अंतर पंधरा-पंधरा सेंटिमीटरने बदलत तीच बासची ओळ ऐका आणि जमिनीवर चिकटपट्टीने खुणा करत चला. ज्या खुणेवर सगळ्यात जास्त स्वर सारखे ऐकू येतात तिथून पुढे पाच-पाच सेंटिमीटरने बारीक फिरवा. मोजणीचा मायक्रोफोन असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे; नसेल तर कानावर भागतं. खोलीचे घुमणारे स्वर तुम्ही आधीच काढून ठेवलेले आहेत. त्यातला एखादा कुठेही ठेवलं तरी पिच्छा सोडत नसेल तर पोर्टमध्ये फोमचा बोळा घालून पाहा. बास थोडा कमी होईल, पण आटोपशीर होईल. एवढं करूनही गळा मोकळा होत नसेल, तर मुदत संपायच्या आत स्पीकर परत करा आणि त्याच्या लहान भावाला त्याच खुणांवर ठेवून ऐका.